स्वभाव आणि कृत्य : राममोहन रॉय यांचे दोन वाद

१८१९ साली कलकत्त्यात राममोहन रॉय यांनी सहगमनाविषयीचा आपला दुसरा बंगाली संवाद प्रसिद्ध केला. त्यातील सहगमनाचा पुरस्कर्ता म्हणतो की, स्त्री स्वभावतःच अल्पबुद्धी व विकारवश असते. मागे राहिल्यास तिचे पाऊल वाकडे पडेल. राममोहन उलट विचारतात, तिच्या बुद्धीची परीक्षा कोणी कधी घेतली? प्रेताशी बांधून तिला जाळणे ही त्यांच्या मते उघड हत्याच होती.

१८२० साली त्यांनी येशूच्या नीतिवचनांचे संकलन काढले. त्यावर श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांचा आक्षेप असा की, पापी मनुष्य ख्रिस्ताच्या बलिदानावाचून केवळ नीतीने तरत नाही. मनुष्य चुकतो हे राममोहनांना मान्यच होते. परंतु पश्चात्ताप आणि सदाचरण यांनी क्षमा लाभते, असे त्यांचे उत्तर. १८२३ मधील तिसरे उत्तर बॅप्टिस्ट छापखान्याने नाकारल्यामुळे त्यांना स्वतःच छापावे लागले.

सहगमनाच्या निषेधात मात्र श्रीरामपूरकर त्यांच्याच बाजूचे होते. मनुष्यस्वभावाविषयी मतैक्य नसतानाही चितेवरील अन्याय उभयतांस सारखाच दिसला. १८२९ च्या कायद्यानेही स्त्रीस्वभावाचा निवाडा केला नाही; दंडनीय ठरविले ते कृत्य. स्वभावावर आरोप ठेवला की निरपराधासही शिक्षा देता येते. कृत्याचा दोष मात्र दुसऱ्यास झालेल्या पीडेने सिद्ध करावा लागतो. राममोहनांच्या दोन्ही वादांचे मर्म हेच होय.