पिशवी वाहणारी पोरे

माझे आजोळ महूचे. इंदूरहून जेमतेम तेवीस-चोवीस किलोमीटर, पण छावणीची हद्द लागली की गाव एकदम बदलल्यासारखे वाटे. शाळेला सुट्टी लागली की आम्ही मामाकडे जात असू. संध्याकाळी मामा फिरायला नेई, तेव्हा गोल्फच्या मैदानाच्या कडेने जावे लागे. पुढे साहेब, मागे खांद्यावर लांब पिशवी घेतलेले आमच्याच वयाचे पोरगे. साहेब दमला, की ते पोरगे मोडक्या काठीने एखादा चेंडू टोलवून बघे. एकदा असा एक टोला पाहून मामा म्हणाला, "साहेबापेक्षा चांगला मारतोय. पण याला खेळायला कोण घेणार?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात कसकसे मिळत गेले, ते पुढे अनेक वर्षांनी मी शोधू लागलो.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्यापाठोपाठ महूला इंग्रजांची छावणी बसली. छावणीबरोबर क्लब आले, क्लबांबरोबर खेळ आले. गोल्फही हिंदुस्थानात रुजू लागला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. १८९२ पासून कलकत्त्यात हौशी खेळाडूंची अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली. येथे 'हौशी' हा शब्द महत्त्वाचा. खेळून पैसे न घेणारा तो सद्गृहस्थ, आणि खेळातून पोट भरणारा तो नोकर, असा तो जमाना होता. मैदानावर पोट भरणारे म्हणजे गवत राखणारे माळी आणि पिशव्या वाहणारे कॅडी. खेळ सर्वांत जवळून पाहिला तो त्यांनीच.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली इंडियन गोल्फ युनियन स्थापन झाली. १९६४ साली ऑस्ट्रेलियाचा प्रख्यात खेळाडू पीटर थॉमसन याच्या पुढाकाराने इंडियन ओपन सुरू झाली आणि पहिले विजेतेपदही त्यानेच मिळवले. दुसऱ्याच वर्षी प्रेमगोपाल तथा बिल्लू सेठी जिंकले. पण ते हौशी खेळाडू. ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यवसायी खेळाडू मिळायला १९९१ साल उजाडले. तो अली शेर. दिल्लीच्या क्लबात त्याने कॅडी म्हणून सुरुवात केली होती. १९९३ मध्ये त्याने ही स्पर्धा पुन्हा जिंकली. पुढे २००८ मध्ये दिल्लीत भरलेली इंडियन मास्टर्स शिवशंकरप्रसाद चौरसियाने जिंकली. कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात त्याचे वडील मैदानाची निगा राखत.

पण एखादा अली शेर निघाला म्हणून सगळ्यांची वाट मोकळी होत नाही. व्यवसायी गोल्फचा हिशेब कठोर असतो. प्रवेशशुल्क स्वतःचे, प्रवास स्वतःचा, मुक्काम स्वतःचा. चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवस झाले की गाळणी लागते. वरचे पन्नास-एक खेळाडू पुढे जातात, उरलेले रिकाम्या हाताने घरी. मोठ्या स्पर्धेत असे तीन-चार वेळा झाले की सामान्य घरातला मुलगा संपतो. म्हणून खालची पायरी लागते. जेथे खर्च बेताचा, बक्षीस लहान, पण वर्षभर नियमाने खेळायला मिळते, अशी मालिका.

अमेरिकेत ही पायरी आधी स्त्रियांसाठी बांधली गेली. त्यांची 'फ्यूचर्स' मालिका १९८१ ची. पुरुषांची, बेन होगनच्या नावाने सुरू झालेली, १९९० ची. आपल्याकडे २००६ मध्ये प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया उभी राहिली, आणि तिच्याही खालची 'नेक्सजेन' ही दुसऱ्या फळीची मालिका २०२४ मध्ये आली. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेला आपला उदयन माने या देशी मालिकेतच मुरलेला.

मुलींची गोष्ट निराळी. पिशव्या वाहायला मुलींना कोणी ठेवत नसे. त्यामुळे कॅडी होऊन खेळात शिरायची मागची वाटही त्यांना नव्हती. वडील क्लबाचे सभासद असले, किंवा आईबापांनी हिंमत करून पैसे घातले, तरच काठी हाती यायची. सिमी मेहरा १९९७ मध्ये अमेरिकेच्या स्त्रियांच्या मुख्य मालिकेत पोचली, तेव्हा आपल्या देशात स्त्रियांची व्यवसायी मालिकाच नव्हती. ती या शतकात सुरू झाली. तीन दिवसांच्या या छोट्या स्पर्धांत हौशी मुलींनाही व्यवसायी खेळाडूंबरोबर खेळता येते. २०११ मध्ये अशीच एक स्पर्धा तेरा वर्षांच्या अदिती अशोकने बंगळूरला जिंकली. २०१६ मध्ये ती स्त्रियांची इंडियन ओपन जिंकली आणि २०२१ मध्ये टोकियोला तिचे पदक एका क्रमांकाने हुकले. रिओ ऑलिंपिकमध्ये तिची पिशवी वडिलांच्या खांद्यावर होती, टोकियोत आईच्या. हे वाचले त्या दिवशी मला महूची ती पोरे आठवली.

आणि महूचेच एक नाव सांगायचे राहिले. मुकेशकुमार. देशातल्या मालिकांत या माणसाने शंभराहून अधिक विजेतेपदे मिळवली. परदेशी दौऱ्यांची चमक त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. मग २०१६ च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेली पॅनासॉनिक ओपन, म्हणजे आशियाई मालिकेतली स्पर्धा, त्याने जिंकली; वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी!

ही बातमी वाचेपर्यंत मी देशी मालिकेला नुसती पायरी समजत होतो. पाय ठेवायचा आणि वर जायचे. पण सगळेच वर जात नाहीत, आणि जे जात नाहीत ते सगळे हरलेले नसतात. मुकेशकुमारसारख्यांना ती पायरी नव्हे, ओटा होती. तेथेच बसून त्यांनी मानाने भाकरी कमावली. म्हणून अशा मालिकेने किती जण परदेशी पाठवले, एवढेच मोजून भागणार नाही. किती जणांना तिने खेळावर घर चालवू दिले, हेही विचारले पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच अवघड आहे. आईबापांनी पिशवी उचलली नाही, तर त्यांना ओट्यापर्यंत तरी कोण आणणार?

मामा आता नाही. त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्याच गावच्या माणसाने दिले. उरलेले निम्मे अजून द्यायचे आहे.