केप ट्रिब्युलेशन

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या ईशान्य किनाऱ्यावरील, डेनट्री राष्ट्रीय उद्यानात मोडणारे भूशिर. मूळ रहिवासी ईस्टर्न कुकू यलांजी लोक याला ‘कुल्की’ म्हणतात. १७७० मध्ये जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज जवळच्या प्रवाळखडकावर आदळले, म्हणून त्याने हे संकटसूचक नाव दिले. येथे वर्षावन थेट पुळणीपर्यंत उतरते आणि समोर ग्रेट बॅरिअर रीफ पसरलेली आहे. दोन जागतिक वारसास्थळे (रीफ १९८१, वर्षावन १९८८) अशी शेजारी नांदताना क्वचितच दिसतात.

दक्षिणेकडून येताना डेनट्री नदी तारेच्या आधाराने चालणाऱ्या तरीतून ओलांडावी लागते. मार्डजा व डुबुजी येथील लाकडी पायवाटा वर्षावन आणि खारफुटीतून जातात. त्या सावकाश चालाव्यात, कारण हे वन घाईत दिसत नाही. इडिओस्पर्मम हा अतिप्राचीन वंशाचा सपुष्प वृक्ष येथलाच. तो नामशेष झाल्याचे मानले जात होते, पण १९७१ मध्ये त्याच्या विषारी बिया खाऊन गुरे मेल्यावर त्याचा पुन्हा शोध लागला. कॅसोवरी हा न उडणारा मोठा पक्षी फळे अख्खी गिळतो आणि त्यांच्या बिया विष्ठेतून दूरवर पेरतो. त्याला खाऊ घालणे निषिद्ध आहे.

पुळणी मोहक असल्या, तरी पाण्यात खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशचाही धोका असतो. २०२१ मध्ये उद्यानाची मालकी कुकू यलांजींकडे परत आली.