तडा कुठून सुरू होतो?

लोखंडाची तार हाताने ओढून तोडायचा प्रयत्न केला तर ती दाद देत नाही. तीच तार एका जागी पुन्हापुन्हा मागेपुढे वाकवली की सहज तुटते. वर्गात हे करून पाहा. दुसऱ्या तारेवर कानशीने बारीक खाच पाडा आणि पुन्हा वाकवा. ही तार लवकर तुटेल, आणि तीही बहुधा खाचेपाशीच. एरवी सहज पेलला असता असा भारही वारंवार पडत राहिला तर धातू तुटू शकतो. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो. आपला प्रयोग ढोबळ आहे, पण खाचेचे महत्त्व कळायला तो पुरेसा आहे. इंजिनिअरांना मात्र ते अपघातांतून शिकावे लागले.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे त्यावर चढले आणि आग लागली. डब्यांच्या दारांना कुलुपे होती. पन्नासहून अधिक माणसे दगावली. हादऱ्यांमुळे चिवट, तंतुमय लोखंड हळूहळू ठिसूळ, स्फटिकमय बनते, असा तेव्हा समज होता. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिनने १८४३ मध्ये तो नाकारला. मोडलेले आस तपासल्यावर त्याला दिसले, की आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात तडा सुरू होतो आणि आत आत सरकत जातो. कोपरा गोलाकार ठेवा, असे त्याने सुचवले.

पुढे जर्मनीत रेल्वेतलाच इंजिनिअर ऑगस्ट व्होलर याने भार दिलेले धातूचे नमुने फिरवत ठेवून, ते तुटेपर्यंत किती फेरे होतात हे मोजले. १८७० पर्यंत त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भार कमी केला की फेरे वाढतात, आणि एका मर्यादेखाली पोलाद लाखो फेऱ्यांनंतरही तुटत नाही.

बाहेरचा कोपरा डोळ्यांना दिसतो. पण खाच धातूच्या पोटातच असेल तर?

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनातील टायटॅनियमची तबकडी उडतानाच फुटली. तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी शर्थ करून ते सू सिटीला उतरवले, तरी २९६ पैकी ११० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. तपासात मूळ सापडले ते धातू वितळवतानाच्या टप्प्यात. नायट्रोजन जास्त असलेला एक ठिसूळ कण तबकडीत राहून गेला होता. तो निघाला त्या जागी सुमारे दीड मिलिमीटरचा खड्डा उरला आणि तिथून तडा वाढत गेला. तबकडी १५,५०३ उड्डाणे टिकली. तपासणीत दिसू शकेल एवढा तडा झाला होता, तरी तो नजरेतून सुटला.

याच दशकात जपानच्या युकिताका मुराकामी यांनी या दोषांना गणितात बसवले. ताणाच्या दिशेने पाहिले असता दोषाची जेवढी सावली पडेल, त्या सावलीच्या क्षेत्रफळावरून आणि धातूच्या कठीणपणावरून थकव्याची मर्यादा काढता येते, असे त्यांनी दाखवले. एवढाच दोष पृष्ठभागावर असेल तर तो अधिक घातक ठरतो.

आज धातूच्या वस्तू भुकटीपासून थरावर थर चढवून 'छापता' येतात. एकेक थर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असू शकतो. लेसरने भुकटी हवी तिथे वितळवायची आणि त्यावर पुढचा थर पसरायचा. पण ऊर्जा कमी पडली तर दोन थर नीट जुळत नाहीत आणि मध्ये चपटी, धारदार कडांची फट राहते. ऊर्जा फार झाली तर धातूची वाफ होऊन खोल खळगा पडतो, आणि तो मिटताना बुडाशी बुडबुडा अडकतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत प्रखर क्ष-किरणांनी हा खळगा कसा बनतो ते प्रत्यक्ष पाहिले गेले. भुकटीच्या कणांतच कोंडलेल्या वायूची गोल छिद्रे निराळीच.

यांतली चपटी फट सर्वांत वाईट. ती थराला समांतर असते, म्हणून वस्तू थरांच्या आडव्या दिशेने ओढली गेली की तिची सावली सर्वांत मोठी पडते. त्यामुळे तोच नमुना उभा छापला की आडवा, यावरूनही त्याचे आयुष्य बदलू शकते.

यावर उपाय आहेत. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची वस्तू ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून, वायूचा वातावरणाच्या हजारपट दाब देऊन काही तास ठेवली, की आतली छिद्रे बरीचशी मिटतात. पृष्ठभागावर उघडणारी छिद्रे मात्र मिटत नाहीत, कारण दाब देणारा वायूच त्यांत शिरतो. खडबडीत पृष्ठभाग कातून गुळगुळीत केला तर फायदा होतो, पण कातताना आतले एखादे छिद्र वर आले तर नवीच खाच तयार होते.

'ही वस्तू ९९.९ टक्के भरीव आहे' एवढ्याने म्हणूनच आपले समाधान होऊ नये. वर्गाच्या सरासरी गुणांवरून सर्वांत मागे पडलेले मूल कळत नाही. धातूचेही तसेच आहे. सर्वांत मोठा दोष केवढा, कोणत्या आकाराचा आणि पृष्ठभागापासून किती दूर, हे विचारायला हवे. मुलांकडून तारेचा प्रयोग करून घ्या. एका तारेला तीन उथळ खाचा, दुसरीला एकच खोल खाच. कोणती आधी तुटेल, हे त्यांना आधी लिहून ठेवू द्या.