शिंदळ माकुडी : नामकरणाचा इतिहास

सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी ही दुर्मिळ, मांसल वनस्पती. निकल डॅल्झेल यांनी १८६०–७० या दशकात तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली आणि मुंबईचे गव्हर्नर (१८६२–६७) सर बार्टल फ्रिअर यांच्या गौरवार्थ तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पावसाळ्यात येणारी ठळक पाने हे तिचे वेगळेपण होय. १९५८ मध्ये गॉर्डन रोली यांनी तिचा कॅरल्यूमा प्रजातीत समावेश केला. तेथे इंडिका हे नाव अगोदरच दुसऱ्या जातीस दिलेले होते व एका प्रजातीत दोन जातींना तेच नाव देता येत नाही. म्हणून ती कॅरल्यूमा फ्रेराय झाली. पुढे ती बाउसेरोसियात गेली. परिणामी जुन्या नोंदींत या संकटग्रस्त वनस्पतीचा शोध घेताना तिन्ही नावे पाहावी लागतात.