लोहकिटाचा रस्ता



पनवेलहून कोंकणांत उतरणाऱ्या रस्त्याचें नांव काढलें कीं ऐकणाऱ्याच्या ओठांवर प्रथम हसूं येतें आणि मागाहून कपाळावर आठी पडते. गणपतीसाठीं गांवीं जाणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडीं तर या रस्त्याच्या खड्ड्यांचीं पुराणेंच आहेत. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेण्यांत आलें आणि दहा वर्षें उलटून गेलीं तरी तें पुरें झालें नाहीं. अशा या रस्त्याच्या अवघ्या एका किलोमीटरविषयीं मी आज बोलणार आहें.

१३ जानेवारी २०२४ रोजीं याच टप्प्यांतील एक किलोमीटर लांबीच्या चौपदरी तुकड्याचें उद्घाटन नीति आयोगाचे सदस्य डॉ. विजयकुमार सारस्वत यांच्या हस्तें झालें. या तुकड्यांत डोंगर फोडून काढलेल्या खडीच्या जागीं सुमारें ८० हजार टन लोहकीट घातलेलें आहे. कारखान्यांतले लोक त्याला स्लॅग म्हणतात. हें कीट आलें पेण तालुक्यांत धरमतरच्या खाडीकांठीं असलेल्या डोलवी येथील जेएसडब्ल्यूच्या पोलाद-कारखान्यांतून. आणि तें कसें मुरवावें, कसें पसरावें याचें मार्गदर्शन केलें दिल्लीच्या केंद्रीय मार्ग-संशोधन संस्थेनें. राष्ट्रीय महामार्गावर असा प्रयोग आपल्या देशांत हा पहिलाच. एकानें टाकलेली वस्तु दुसऱ्यानें तपासली आणि ती तिसऱ्याच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, पायांखालीं आली. ही गोष्ट वाटते तितकी नवी नाहीं आणि वाटते तितकी सोपीही नाहीं.

लोहकीट आपल्याला परकें नव्हे. खेड्यांतल्या लोहाराच्या भात्यापाशीं काळे, सच्छिद्र खडे पडलेले आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. आपल्या वैद्यकांत जुन्या लोहकिटाला मंडूर म्हणतात आणि पांडुरोगावर मंडूरभस्म देण्याचा प्रघात फार जुना आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांतून मंडुराविषयीं एक मौजेचा नियम सांगितलेला आढळतो. शंभर वर्षें जमिनींत पडून राहिलेलें कीट उत्तम, ऐंशी वर्षांचें मध्यम, साठ वर्षांचें कनिष्ठ, आणि त्याहून ताजें तें त्याज्य. आजचें रसायनशास्त्र त्या ग्रंथकारांना अवगत होतें असा दावा मला करावयाचा नाहीं. परंतु ताजें कीट निवळलेलें नसतें, त्याला ऊन, पाऊस आणि काळ यांची गरज असते, एवढी गोष्ट अनुभवानें त्यांच्या ध्यानीं आली होती. आणि पुढें आपण पाहूं कीं डोलवीच्या किटाचा प्रश्नही नेमका तेथेंच अडलेला होता.

पाश्चात्य देशांतील किटाचा इतिहास एका कारकुनापासून सांगावा लागतो. १८५६ सालीं बेसेमरनें स्वस्त पोलाद करण्याची रीत काढली. पण ज्या खनिजांत स्फुरद असे त्यांचें पोलाद त्या रीतीनें ठिसूळ निपजे. लंडनच्या पोलीस-कोर्टांत कारकुनी करणारा सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हा तरुण संध्याकाळीं रसायनशास्त्राच्या वर्गांना जात असे. हा प्रश्न त्यानें मनावर घेतला. त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट हा वेल्समधील ब्लेनॅव्हॉनच्या लोखंडाच्या कारखान्यांत रसायनज्ञ होता. दोघांनीं मिळून भट्टीला चुनायुक्त अस्तर दिलें आणि आंत चुना घातला. चुन्यानें स्फुरद ओढून घेतला व पोलाद शुद्ध झालें. हें १८७८-७९ सालचें. मागें राहिलें तें स्फुरदानें भरलेलें कीट. प्रथम त्याचे ढीग पडले. पुढें तें दळून शेतांत टाकलें तों पिकें जोमानें आलीं. जर्मनींत हें खत टॉमसच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. टॉमस मात्र १८८५ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, वारला.

दुसरी कथा रस्त्याचीच आहे. १९०१ च्या सुमारास इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायर परगण्याचे मार्ग-निरीक्षक एडगर हूली हे डेन्बी येथील लोखंडाच्या कारखान्यावरून जात असतां त्यांना रस्त्याचा एक तुकडा धूळविरहित आणि टणक दिसला. चौकशी करतां कळलें कीं तेथें डांबराचें पिंप सांडलें होतें आणि तो चिकटा झांकण्यासाठीं कोणीतरी भट्टींतलें कीट वर पसरलें होतें. हूली यांनीं तेवढ्यावरून प्रयोग केले व १९०२ सालीं टारमॅकचें पेटंट घेतलें. डांबर ही त्या काळीं कोळशाचा धूरवायु करणाऱ्या कारखान्यांची टाकाऊ वस्तु, आणि कीट हें लोखंडाच्या कारखान्याचें. सांगावयाचें तें हें, कीं आधुनिक डांबरी रस्त्याचा जन्मच दोन टाकाऊ वस्तूंच्या संगमांतून झालेला आहे.

मग डोलवीच्या किटाला रस्त्यावर येण्यास एवढा उशीर कां लागावा? याचें उत्तर असें कीं कीट दोन प्रकारचें असतें. झोतभट्टींत खनिजापासून लोखंड गाळतांना निघणारें कीट पाण्यानें एकदम थंड केलें तर त्याचे वाळूसारखे कण होतात. त्यांत सिमेंटचे गुण असतात हें जर्मनींत एमिल लांगेन यांनीं १८६२ सालींच दाखविलें. तें दळून सिमेंटांत मिसळण्याची प्रथा आतां रूढ आहे. दुसरें कीट पोलाद शुद्ध करतांना निघतें, तें हट्टी. त्यांत न विरलेला चुना शिल्लक असतो. कळीच्या चुन्यावर पाणी पडलें म्हणजे तो कसा तापतो आणि फुगतो हें जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. असलें कीट तसेंच रस्त्याखालीं भरलें तर पहिल्याच पावसांत रस्ता फुगून भेगाळेल. म्हणून तें कारखान्याच्या आवारांत ढिगांनीं सांचत राहतें. आपल्या देशांत दरसाल सुमारें १ कोटि ९० लाख टन पोलादी कीट निघतें. यावरून ढिगांच्या उंचीची कल्पना यावी.

यावर उपाय मंडुराचाच आहे: कीट मुरवणें. पाणी, वाफ व हवा देऊन आंतला चुना आधींच विरवून टाकावयाचा, धातूचे कण चुंबकानें वेचावयाचे, आणि खडे चाळून मापाप्रमाणें वेगळे करावयाचे. ही रीत कोणत्या किटाला किती दिवस लागू पडते हें कारखानदाराला अंदाजानें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळा लागते. १९५२ सालीं स्थापन झालेल्या मार्ग-संशोधन संस्थेनें हें काम पत्करलें. जून २०२२ मध्यें सुरतेजवळ हजिरा येथें पोलादी किटाचा सहापदरी रस्ता वाहतुकीस खुला झाला; त्याच्या मागोमाग रायगडांतला हा तुकडा आला. किटाच्या रस्त्याची जाडी नेहमींच्या डांबरी रस्त्याहून शेंकडा २८ नें कमी ठेवतां आली असें उद्घाटनाच्या वेळीं सांगण्यांत आलें.

याच महामार्गावर डोलवीच्या दक्षिणेस नागोठणें लागतें. समुद्रांतील बॉम्बे हायच्या वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल करणारा मोठा कारखाना तेथें १९८० नंतरच्या दशकांत उभारण्यांत आला. वेफरच्या पुड्या आणि पातळ पिशव्या यांना भंगारवालाही हात लावीत नाहीं. मदुरेच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन् वासुदेवन् यांनीं असें प्लास्टिक बारीक करून तापलेल्या खडीवर टाकण्याची रीत शोधली. प्लास्टिक वितळून खड्यावर पातळ थर बसतो आणि त्यावर डांबर घट्ट धरतें. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० च्या जानेवारींत नागोठण्याच्या रिलायन्सच्या कारखान्यानें जाहीर केलें कीं अशा ५० टन प्लास्टिकचा उपयोग करून आवारांत सुमारें ४० किलोमीटर रस्ते बांधण्यांत आले आहेत.

आतां कर्बाचा जमाखर्च मांडूं. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली म्हणजे ५६ किलो चुना हातीं येतो आणि ४४ किलो कर्बाम्ल वायु हवेंत जातो. मुरतांना किटांतला चुना त्या वायूचा कांहीं भाग परत घेतो. खाणींतला सुरुंग, खडीचें यंत्र आणि लांबची वाहतूक यांत जळणारें इंधनही वांचतें; अर्थात् रस्ता कारखान्याजवळ असेल तरच. एक किलो पॉलिथीन जाळलें तर तीन किलोहून अधिक कर्बाम्ल वायु निघतो. रस्त्यांत बसविलें तर तो कर्ब तेथेंच कोंडून राहतो. ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू अशी कीं झोतभट्टीच्या मार्गानें एक टन पोलाद करतांना सुमारें दोन टन कर्बाम्ल वायु निघतो. रस्त्याखालचें कीट त्यांतलें फार थोडें फेडतें. आणि ४० किलोमीटरांत ५० टन म्हणजे किलोमीटरला सव्वा टन प्लास्टिक. शहरांच्या ढिगापुढें हा हिशेब किती तोकडा आहे हें सांगणें नको. जमाखर्च बरोबरीचा झाला असें आज म्हणणें म्हणजे एक रकाना झांकून बेरीज करण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट. डोलवीचा कारखाना ज्या खाडीकांठीं आहे, तेथील शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखलेली आहे. या प्रांतांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किटांतून झिरपणारें पाणी क्षारयुक्त असूं शकतें. झिजत्या रस्त्यांतून प्लास्टिकचे कणही सुटूं शकतात. म्हणून शेजारच्या विहिरीचें आणि ओढ्याचें पाणी पावसाळ्याच्या आधीं व नंतर तपासलें गेलें पाहिजे, आणि ते आंकडे गांवकऱ्यांना त्यांच्या भाषेंत वाचावयास मिळाले पाहिजेत. कारखान्याला ढीग हलवावयाचा असतो, संशोधकाला प्रयोग यशस्वी झालेला पाहावयाचा असतो. दोघांचा हेतु शुद्ध असला तरी तिसरा डोळा हवा. तो डोळा त्या रस्त्यानें रोज जाणाऱ्याचा आणि त्याच्या कडेला शेती करणाऱ्याचा आहे.

नागोठण्यास अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चौलच्या काजी अलाउद्दीन यांनीं तो बांधविल्याचें जुन्या कुलाबा गॅझेटियरांत नमूद आहे. त्या काळच्या बांधकामांतला चुनाही हवेंतला कर्बाम्ल वायु हळूहळू शोषूनच दगड बनत असे. त्या पुलाची परीक्षा चारशेंहून अधिक पावसाळ्यांनीं घेतली. लोहकिटाच्या रस्त्याच्या वाट्याला अजून मोजकेच पावसाळे आलेले आहेत. पुढच्या खेपेस गणपतीला गांवीं जातांना आपण त्या तुकड्यावर आलांत, तर गाडी जरा हळू घ्या आणि रस्त्याकडे व त्याच्या दोहों बाजूंच्या शेतांकडे नीट पाहा. या प्रयोगाचा निकाल तेथेंच लागावयाचा आहे.