मनातल्या अनेकांशी बोलणारे उपचार

माणसाच्या मनात एकच एक ‘मी’ नांदत नाही. तिथे अनेक भाग असतात, त्यांची वये, मते आणि भीती वेगवेगळी असते, आणि दुखणे बरे करायचे तर त्या भागांशी थेट बोलावे लागते. या समजुतीवर उभ्या असलेल्या मानसोपचारांचा इतिहास फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ल हाव्र या बंदराच्या गावात सुरू होतो. पिएर झाने १८८३ साली तिथल्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवायला आले. त्या वेळी ते डॉक्टर नव्हते. शाळा सांभाळून ते गावातल्या रुग्णांवर संमोहनाचे प्रयोग करीत आणि जे दिसेल ते बारकाईने लिहून ठेवीत.

ल्युसी या नावाने त्यांनी जिची हकिकत लिहिली, ती एकोणीस वर्षांची मुलगी मध्येच भीतीने थरथरू लागे. कशाची भीती वाटते, हे तिला सांगता येत नसे. संमोहनात मात्र तिचा हात तिच्या नकळत कागदावर उत्तरे लिही आणि खाली सही करी ‘आद्रिएन’. ल्युसीला जे ठाऊक नव्हते ते आद्रिएनला ठाऊक होते. सात वर्षांची असताना पडद्याआड लपलेल्या दोन माणसांनी गंमत म्हणून तिला घाबरवले होते. भीतीचा प्रत्येक झटका म्हणजे आद्रिएनने तो प्रसंग पुन्हा भोगणे होते. झाने यांनी १८८९ साली ‘मानसिक स्वयंचलन’ या विषयावरच्या आपल्या प्रबंधात याची उपपत्ती मांडली. धक्का पचवता आला नाही की अनुभवाचा तेवढा तुकडा मुख्य जाणिवेपासून तुटतो आणि वेगळा राहून आपले काम करीत राहतो. या प्रक्रियेला मराठीत विघटन म्हणतात.

त्यानंतर झाने पॅरिसला गेले, वैद्यक शिकू लागले आणि साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली काम करू लागले. तिथे १८९० साली तेहतीस वर्षांचा एक व्यापारी दाखल झाला. झाने यांनी त्याला आशिल असे नाव दिले आहे. व्यापाराच्या कामासाठी परगावी जाऊन आल्यापासून तो खिन्न झाला होता, त्याची वाचा बंद झाली होती, आणि मग एके दिवशी आपल्या अंगात सैतान शिरल्याचे तो ओरडून सांगू लागला. तो देवाला शिव्या देई आणि स्वतःला मारून घेई. संमोहन त्याच्यावर चालेना. तेव्हा झाने यांनी त्याच्या हातात पेन्सिल सरकवली, मागे उभे राहून हलक्या आवाजात प्रश्न विचारला, आणि तू कोण, याचे उत्तर कागदावर आले: सैतान. खरा सैतान असशील तर याच्या नकळत याचा हात वर करून दाखव, असे झाने यांनी म्हटले, तर हात वर गेला. मग याला या खुर्चीत झोपवून दाखव म्हटले, तर आशिल झोपी गेला. जे संमोहन झाने यांना जमत नव्हते ते सैतानाने करून दिले. त्या झोपेत खरी गोष्ट बाहेर आली. प्रवासात त्याने बायकोशी प्रतारणा केली होती आणि ते लपवण्याच्या धडपडीत तो स्वतःच्या अपराधाखाली चिरडला गेला होता. झाने यांनी त्याला भासात बायकोकडून क्षमा मिळवून दिली आणि तो बरा झाला.

पुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टींचे बीज या हकिकतीत सापडते. सैतानाला हाकलण्याचा प्रयत्न इथे झाला नाही, त्याला बोलते केले गेले. पण बोलणारे झाने होते, युक्ती त्यांची होती, आणि रुग्ण आधी बेसावध आणि मग झोपेत होता. या उपचारपद्धतीच्या पुढच्या शंभर वर्षांत मुख्यतः हे समीकरण बदलत गेले.

ते बदलायला वेळ लागला, कारण मधे मनोविश्लेषणाचे युग आले. सिग्मंड फ्रॉइड यांनीही मनाचे भाग मानले. १९२३ सालच्या त्यांच्या पुस्तकात इदम्, अहम् आणि पराहम् अशी वाटणी आहे. परंतु ती सिद्धान्तातली वाटणी होती, पराहम्‌ला समोर बसवून कोणी प्रश्न विचारीत नसे. संमोहन मागे पडले आणि झाने यांचे नावही. हेन्री एलेनबर्गर यांनी १९७० साली अचेतन मनाच्या शोधाचा मोठा इतिहास लिहिला, तेव्हा कुठे त्यांचे श्रेय त्यांना पुन्हा मिळाले. मनोचिकित्सक कार्ल युंग यांनी मात्र १९०२-०३ च्या हिवाळ्यात पॅरिसला जाऊन झाने यांची व्याख्याने ऐकली होती. पुढे १९१३ पासून ते जागेपणी स्वतःच्या मनातल्या व्यक्तिरेखांशी संवाद करू लागले. इटलीत रोबेर्तो असाजोली यांनी १९२६ साली रोममध्ये संस्था काढून उपव्यक्तिमत्त्वांची, म्हणजे एकाच माणसातल्या अनेक लहान व्यक्तिमत्त्वांची, कल्पना रुजवली. मुसोलिनीच्या राजवटीने १९४० साली त्यांना तुरुंगात टाकले, आणि त्यांचे मुख्य पुस्तक थेट १९६५ साली इंग्रजीत आले.

दुसरा प्रवाह व्हिएन्नातून अमेरिकेत गेला. फ्रॉइड यांचे सहकारी पॉल फेडर्न यांनी ‘अहं-अवस्था’ ही संकल्पना मांडली होती, आणि ते १९३८ साली न्यूयॉर्कला आले. त्यांच्याकडे विश्लेषण करून घेतलेल्या एरिक बर्न यांनी तिला सामान्य माणसाला पेलेल असे रूप दिले. त्यांचा एक वकील रुग्ण म्हणे की, आपण खरे वकील नाहीच, आपण एक लहान मुलगा आहोत. बर्न यांनी हे बोलणे शब्दशः घेतले. पालक, प्रौढ आणि बालक या तीन अवस्थांची मांडणी अशा निरीक्षणांतून उभी राहिली, आणि १९६४ सालच्या त्यांच्या ‘गेम्स पीपल प्ले’ने ती घरोघर पोहोचवली. मोंटाना विद्यापीठातले जॉन आणि हेलन वॉटकिन्स यांनी त्याच संकल्पनेला पुन्हा संमोहनाची जोड दिली.

तिसऱ्या प्रवाहाने संमोहन पूर्ण बाजूला ठेवले आणि त्या जागी एक साधी खुर्ची आणली. व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटके करणारे याकोब मोरेनो १९२५ साली अमेरिकेत गेले आणि १९३६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथे त्यांनी मनोनाट्याचा रंगमंच असलेले रुग्णालय उघडले. त्यांच्याकडचे खुर्चीचे तंत्र पाहून मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स यांनी ते १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या संस्थेत आपल्या पद्धतीने वापरले. रुग्ण एका खुर्चीत बसून स्वतःवर हुकूम सोडणारा आवाज होई, मग उठून समोरच्या खुर्चीत बसे आणि हुकूम झेलणारा होई. शरीराने जागा बदलली की आवाज, खांदे, नजर सगळे बदलते, हे पाहणाऱ्यालाही दिसे. या तंत्राचे महत्त्व त्याच्या नाट्यमयतेपेक्षा एका वेगळ्या गोष्टीत आहे. दोन्ही भागांचे बोलणे आता जागा असलेला रुग्ण स्वतः करीत होता. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या लेस्ली ग्रीनबर्ग यांनी या दोन खुर्च्यांच्या संवादाचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून भागांवर काम करणाऱ्या तंत्रांमध्ये संशोधनाचा आधार याला बराच मिळाला.

आज जगभर बोलबाला असलेली ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ ही पद्धत १९८० च्या दशकात शिकागोत तयार झाली. रिचर्ड श्वार्ट्झ हे मुळात कुटुंबोपचारतज्ज्ञ. बुलिमिया म्हणजे अनावर खाणे आणि मग ओकून टाकणे, या विकाराच्या तरुण मुलींवर ते काम करीत होते. कुटुंबातले ताण सुटले की आजार जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. कुटुंबे सुधारली तरी कित्येक मुलींचे ओकणे थांबले नाही. कारण विचारल्यावर मुली सांगू लागल्या की, एक भाग टोमणे मारतो, त्याने दुसऱ्याला अगदी एकटे वाटते, आणि ते सहन होईना की तिसरा खायला लावतो.

सुरुवातीला श्वार्ट्झ यांनी या भागांशी लढाई केली. स्वतःला जखमा करून घेणाऱ्या एका मुलीच्या त्या भागाला त्यांनी दामटून बसवले आणि या आठवड्यात असे करणार नाही, हे वचन घेतल्यावरच तिला घरी जाऊ दिले. पुढच्या भेटीला ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन आली. ते हबकले आणि त्या भागाला म्हणाले की, मी हरलो. त्यावर तो भागही नरमला. मग तू हे का करतोस, असे विचारल्यावर त्याने सांगितले की, लहानपणी अत्याचार होत असताना मुलीला शरीरापासून दूर नेणे आणि तिचा संताप दाबणे हे त्याचे काम होते. तो तिचा रक्षक होता, आणि धोका टळल्याचे त्याला अजून कळले नव्हते.

भागांना जरा बाजूला व्हायला सांगितले की त्याच रुग्णांच्या बोलण्यात शांतपणा आणि कुतूहल येई, आणि हा कुठला भाग म्हटल्यावर, हा भाग नाही, ही मीच, असे उत्तर मिळे. श्वार्ट्झ यांनी याला ‘सेल्फ’ म्हटले. १९९५ सालच्या त्यांच्या पुस्तकात पूर्ण रचना आहे. दुखावलेले, कोंडून ठेवलेले भाग म्हणजे हद्दपार. ते वर येऊ नयेत म्हणून रोजचे आयुष्य काटेकोर चालवणारे व्यवस्थापक. आणि तरीही ते वर आलेच तर दारू, खाणे, जखमा अशा हाताला लागेल त्या साधनाने वेदना विझवणारे अग्निशामक. प्रश्न विचारण्याचे काम इथे रुग्णाच्या सेल्फकडे जाते आणि उपचारक बाजूला बसतो. साल्पेत्रिएरमध्ये जे पूर्णपणे उपचारकाच्या हातात होते ते इथे जवळजवळ पूर्णपणे रुग्णाच्या हातात आले.

या पद्धतीवरचे आक्षेपही गंभीर आहेत. अमेरिकेत एका बहुव्यक्तिमत्त्वाच्या रुग्णाची हकिकत सांगणाऱ्या १९७३ सालच्या ‘सिबिल’ या पुस्तकानंतर ते निदान वाढत गेले आणि १९८० साली ते मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत आले. १९९० च्या दशकात त्याविरुद्ध जोरदार प्रतिक्रिया उमटली. उपचारकाच्या सूचनेने नसलेले भाग आणि न घडलेल्या आठवणीही तयार होऊ शकतात, हा त्या वादाचा धडा भागांवरच्या सर्वच उपचारांना लागू आहे. श्वार्ट्झ यांनी सेल्फचे नाते हिंदू परंपरेतल्या आत्म्याशीही जोडले. अशी संकल्पना प्रयोगाने तपासायची कशी, हा प्रश्न रास्त आहे. पुरावाही प्रसिद्धीच्या मानाने तोकडा आहे. बॉस्टनमध्ये संधिवाताच्या ७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदना आणि नैराश्य कमी झाल्याचे दिसले, पण मोठ्या प्रमाणावरच्या चाचण्या थोड्याच आहेत. २०२१ साली श्वार्ट्झ यांचे ‘नो बॅड पार्ट्स’ लोकप्रिय झाले आणि प्रशिक्षणाच्या जागांसाठी प्रतीक्षायाद्या लागल्या. वास्तवाचे भान सुटलेल्या किंवा तीव्र आघातातून आलेल्या रुग्णांच्या बाबतीत ही पद्धत अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि अतिशय संथपणे वापरावी, हे तिचे समर्थकही मानतात.