वऱ्हाडचा कान आणि खर्जाचे यंत्र

अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक मार्गावर विजेच्या वस्तूंच्या एखाद्या दुकानात, महाविद्यालयात नुकताच दाखल झालेला एखादा तरुण साठवलेले पैसे खिशात घेऊन कान पूर्ण झाकणारे आपले पहिले हेडफोन घ्यायला उभा राहतो, तेव्हा किमतीच्या, रंगाच्या आणि नावाच्याही आधी तो बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘बेस कसा हाय, भाऊ?’ या प्रश्नात नव्या पिढीच्या उथळ अभिरुचीचा पुरावा शोधणारे वडीलधारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या प्रदेशात गंभीर नादाची आवड मृदंगाबरोबर, नौबतीबरोबर आणि भजनाच्या फडाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली, त्या प्रदेशातील मुलाने यंत्राकडे प्रथम खर्जाचीच मागणी करावी, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते. यंत्रालाच ती मागणी पुरी करता येईपर्यंत फार उशीर झाला, आणि त्या विलंबाचा वृत्तांत ज्याला ठाऊक आहे त्याला आपले पहिले हेडफोन अधिक विवेकाने निवडता येतील, अशी माझी श्रद्धा आहे.

वऱ्हाड हा मोगल पातशाहीचा एक सुभा होता आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे त्याचे प्रमुख ठाणे होते. त्या अमदानीत सत्तेचे अस्तित्व रयतेच्या कानी घालण्याचे काम नगारखान्याकडे असे, आणि प्रहराप्रहराला झडणारी नौबत ही एकाच वेळी घड्याळ, सनद आणि दरारा होती. पण दरबारी नादापेक्षा वऱ्हाडी माणसाच्या कानात अधिक खोलवर रुजला तो वारकऱ्यांचा मृदंग. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर अकोल्यातून जाते, तेव्हा टाळांचा तीक्ष्ण झणत्कार दुरूनच ऐकू येतो. मात्र पालखी जवळ आल्यावर पायांना चाल देतो तो मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमारा. त्या पुडीवर वादक भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतो, आणि कातड्याचे वजन वाढल्यामुळे त्याचे कंपन मंद होऊन स्वर खाली उतरतो. कणीक किती घ्यायची, ती किती सैल भिजवायची, वाजवता वाजवता वाळू लागली म्हणजे पाण्याचा हात केव्हा फिरवायचा, हे ज्ञान कोणत्याही पोथीत न शिरता हातातून हाताकडे जात राहिले. खर्जाचे प्रमाण आपल्या इच्छेनुसार कमी-अधिक करण्याची जी सोय आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटाने सरकवण्याच्या पट्टीत असते, तिचा व्यवहार वऱ्हाडच्या मंदिरांतून कणकेच्या गोळ्याने फार पूर्वीपासून चालू होता.

या कारागिरीमागील शास्त्राकडे आधुनिक विज्ञानाचे लक्ष प्रथम वेधले ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. १९१० च्या सुमारास वित्त खात्याच्या नोकरीत ते काही काळ नागपुरात होते. पुढे १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की, सामान्य ढोलाचे उपस्वर परस्परांशी विसंगत असतात, परंतु मृदंग-तबल्यासारख्या आपल्या वाद्यांत पुडीवर चढवलेल्या लेपाच्या भारामुळे ते सुसंगत होतात आणि कातड्यातून तारेसारखा निश्चित स्वर निघतो. म्हणजे आपला मृदंग केवळ धमधमत नाही, तो गातो. तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग दाबून सरकवला की खालचा स्वर वर चढतो, आणि त्या चढण्यातच त्याचा सारा लडिवाळपणा असतो. हेडफोनांची परीक्षा करताना हीच गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी तर एका खंजिरीच्या बळावर गावेच्या गावे रात्रभर बसवून ठेवली. मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा राहिल्यावर सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी-भजन यांची जी शिस्त तेथून वऱ्हाडभर पसरली, तिने श्रवण ही एकट्याने करण्याची नव्हे, पंक्तीने करण्याची क्रिया मानली. हातभर अंतरावर शेजारी बसलेला आहे, समोर कंदील आहे आणि चामड्याचा नाद जमिनीतून मांडीपर्यंत पोहोचतो आहे, अशा स्थितीत ज्यांचे कान घडले त्यांच्या घरात पहिले बोलके यंत्र आले, तेव्हा त्यांना त्यात काय उणे वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

ते यंत्र म्हणजे ग्रामोफोन. भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यापारी प्रारंभ १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला, आणि पुढील सुमारे पाव शतक गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून गावे लागे; त्याच्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. या पद्धतीत साधारणतः २५० हर्ट्‌झच्या खालचे स्वर नोंदलेच जात नसत. कारण स्पष्ट आहे : ५० हर्ट्‌झच्या स्वराची एक लहर सुमारे ७ मीटर लांब असते, आणि एवढ्या लांबीच्या लहरीला सामावून घेणारा कर्णा दिवाणखान्यात काय, वाड्याच्या चौकातही मावला नसता. त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांवर गायक-गायिकांचे कंठ आपल्याला मिळाले, सारंगी मिळाली, पेटी मिळाली. पण तबल्याची उजवी पुडी तेवढी टकटकत राहिली आणि डग्गा जवळपास हद्दपार झाला. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले तेव्हा तो अंशतः परतला. तरीही श्रोत्यांना या वनवासाची फारशी खंत वाटली नाही, यामागे मानवी मेंदूचे एक विलक्षण सामर्थ्य आहे : एखाद्या स्वराचे उपस्वर कानी पडले, तर मूळचा खालचा स्वर हरवलेला असूनही मेंदू तो स्वतः भरून काढतो. ज्याने आयुष्यभर मृदंग ऐकला आहे त्याची आठवणही त्याच्या मदतीला येत असली पाहिजे, असे मी मानतो. शास्त्रज्ञ याला किती संमती देतील ते देवोत, पण भजनी माणसांशी बोलल्यावर माझे मत असेच झाले आहे.

कानाला लावण्याच्या यंत्राची कथा याहून कृश नादाची आहे, आणि वऱ्हाडात ती तारेपासून सुरू होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेल्यावर कापसाने या प्रांताचे नशीब पालटले. १८६७ पर्यंत लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला, १८७० मध्ये खामगावच्या शाखेचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी केले, आणि रुळांच्या सोबतीने आलेल्या तारेमुळे मुंबईचे भाव वऱ्हाडच्या बाजारात त्याच दिवशी कळू लागले. तारमास्तराने ऐकायची ती निव्वळ कट-कड-कट. पुढे दूरध्वनी आला. त्याच्या श्रवणिकेत लोखंडाची पातळ चकती चुंबकापुढे थरथरे, आणि माणसाचे बोलणे समजावे एवढ्याच मर्यादेत, म्हणजे सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ या पट्ट्यात, तिचे काम चाले. अमेरिकेत उटाह येथील नथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० मध्ये आरमारासाठी केलेले दोन्ही कानांचे यंत्र याच जातीचे होते. खर्जाला तेथे परवाना नव्हताच.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पण त्याच्या दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकाचा आवाज शहराच्या आसपासच विरून जाई. वऱ्हाडला आपली म्हणावी अशी नभोवाणी मिळाली ती १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाल्यावर. पुढे खिशातले ट्रान्झिस्टर शेतापर्यंत पोहोचले, १९५७ पासून विविध भारती होती, आणि अमरावतीतच जन्मलेल्या सुरेश भटांची गीते त्याच छोट्या पेट्यांतून घरोघर गेली. त्या पेट्यांच्या ध्वनिक्षेपकांची रुंदी तीन-चार बोटांची. शब्द त्यातून उत्तम पोहोचत, आणि कवीच्या दृष्टीने ते पुरेसेही होते. डग्गा मात्र पुन्हा श्रोत्याच्या कल्पनेवर सोपवला गेला.

ही उणीव भरून निघाली ती घरात नव्हे, रस्त्यावर. कॅसेटच्या काळापासून मिरवणुकांतले ध्वनिक्षेपक वाढत गेले, आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीतून राजराजेश्वराला आणणाऱ्या अकोल्याने ढोलाचा नाद छातीवर झेलण्याचा आनंद पूर्वापार जपला असल्यामुळे, मोठमोठ्या पेट्यांचा खर्ज येथील तरुणांना परका वाटला नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली. आजारी माणसाचा आणि तान्ह्या मुलाचा विचार करता ती योग्यच होती. मात्र ज्यांना गंभीर नादाची तहान होती त्यांना तो आता स्वतःपुरता, कुणालाही उपद्रव न देता ऐकण्याचे साधन हवे होते, आणि ते साधन तोपर्यंत दूरदेशी सिद्ध झालेले होते.

बर्लिनच्या ऑयगेन बायर यांनी १९३७ मध्ये चुंबक आणि हलती तारकुंडली यांवर चालणारा ‘डीटी ४८’ हेडफोन काढला; मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी दोन कानांना दोन निरनिराळे प्रवाह देणारा स्टीरिओ हेडफोन बाजारात आणला. १ जुलै १९७९ ला जपानात विक्रीस आलेल्या वॉकमनने संगीत चालत्या माणसाच्या कमरेला बांधले खरे, पण त्याचे स्पंजाचे हलके हेडफोन कानावर नुसते टेकत असल्यामुळे खर्ज फटीतून निसटून जाई. २००८ मध्ये अमेरिकन संगीतकार डॉ. ड्रे यांच्या नावाने आलेल्या हेडफोनांनी खर्ज मुद्दाम उंचावून दिला आणि जगभर तीच चाल पडली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘बोट’सारख्या भारतीय नाममुद्रांनी हजार-दीड हजार रुपयांत ती चाल आपल्या तालुक्यांपर्यंत आणली.

कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनातून खर्ज का मिळतो, याचे उत्तर कर्ण्याच्या त्या जुन्या अडचणीतच आहे. उघड्या हवेत सात मीटरची लहर उभी करायला मोठे यंत्र लागते. पण गादी आणि कान यांच्यामध्ये कोंडलेल्या मूठभर हवेचा दाब कमी-जास्त करायला चाळीस मिलिमीटरची पातळ चकतीही पुरते. अट एकच : ती हवा कोंडलेली राहिली पाहिजे. म्हणून चष्म्याची काडी, दाट केस किंवा सैल पट्टा यांमुळे कानाभोवती फट राहिली की सर्वांत आधी पळतो तो खर्जच, आणि घेणारा बिचारा यंत्राला दोष देतो. चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकटच हेडफोन घालून पाहावेत. चकती चाळीस मिलिमीटरची की पन्नासची, यावर दुकानात होणाऱ्या वादात मला फारसे तथ्य दिसत नाही. गादी नीट बसते की नाही, यात पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये सिद्ध केले की, हळू आवाजात मनुष्याचा कान खालच्या स्वरांना विशेष मंद असतो. म्हणूनच खर्ज पुरेसा भासावा यासाठी हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. शिवाय मिरवणुकीतला ढोल छातीवरही आदळतो, ते सुख हेडफोन देऊ शकत नाही; त्याची भरपाई करायला कान एकटाच पुढे होतो आणि मार खातो. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही प्रौढांसाठी सुरक्षित श्रवणाची मर्यादा सांगितली आहे. खर्ज मुळातच भरदार असलेले हेडफोन निम्म्या आवाजात समाधान देत असतील तर ते कानाचे मित्र ठरतात, आणि पूर्ण आवाजावाचून ज्यांत जीव येत नाही ते घरी नेऊ नयेत.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा कूलर दिवसभर घरघरत असतो आणि नेमका खालचाच स्वर झाकून टाकतो. बंगाली पित्याचे पुत्र अमर बोस यांना १९७८ च्या विमानप्रवासात उलट ध्वनीने गोंगाट खोडण्याची जी कल्पना सुचली, ती योजना अशा अखंड, खालच्या घरघरीवरच सर्वाधिक परिणामकारक ठरते; त्यामुळे उन्हाळ्यात खोलीत बसून अभ्यास करणाऱ्याने तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजले तर ते वाया जाणार नाहीत.

हेडफोनांच्या परीक्षेसाठी दुकानदाराने लावलेले धडधडीत गाणे मुळीच ऐकू नये. आपल्या फोनवर दोन गोष्टी घेऊन जाव्यात. पहिली, चांगल्या तबलावादकाची साथ असलेली एखादी गझल. अमरावती जिल्ह्यातल्याच भीमराव पांचाळे यांची असेल तर उत्तम. तीत डग्ग्याचा स्वर दाबाखाली वर चढताना ऐकू आला, एका ठोक्याचा घुमारा संपून दुसरा सुरू झालेला कळला, तर त्या यंत्राचा खर्ज खरा. सारे ठोके एकाच गुबगुबीत धक्क्यासारखे लागले, तर तो कितीही जोरकस असो, खोटा. दुसरी, गाडगेबाबांचे १९५६ मध्ये वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात ध्वनिमुद्रित झालेले कीर्तन. त्या खडखडीत मुद्रणात खर्ज जवळजवळ नाही. पण बाबांचा वऱ्हाडी उच्चार, लोकांना विचारलेले प्रश्न आणि लोकांनी दिलेली उत्तरे शब्दन्‌शब्द पोहोचली पाहिजेत. ज्या हेडफोनात बाबांचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटेल, त्याचा खर्ज इतर स्वरांच्या हद्दीत घुसलेला आहे, असे समजून तो परत द्यावा.

शेवटी गाद्या. कृत्रिम चामडे वऱ्हाडच्या घामात दीड-दोन उन्हाळ्यांत सोलपटते, आणि गादी फाटली की फट पडून खर्जही जातो. म्हणून बदलायच्या गाद्या वेगळ्या मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि मिळत असतील तर एक जोड त्याच दिवशी घेऊन ठेवावा.